निवळचे सतरा नियम

मुरलीकृष्णांच्या फोरमवर अनुत्तरित प्रश्न एकही नव्हता, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. जगात फुकट सॉफ्टवेअरं ढिगानं आहेत. त्यांच्या मदतीच्या पानांवर लोक वर्षानुवर्षं 'कुणी आहे का' म्हणून हाका मारत बसलेले दिसतात. निवळच्या फोरमवर तसलं काही नाही. तिथे प्रश्न आला की चोवीस तासांच्या आत एकतर त्याला उत्तर मिळे, नाहीतर तो बंद होई. गेल्या वर्षी छत्तीस प्रश्न आले. त्यांतले चौतीस बंद झाले आणि दोन विचारणाऱ्यांनी आपणहून मागे घेतले. यादी कशी स्वच्छ, लख्ख.

निवळ हे जुन्या कॅसेटींमधला आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर. खरखर, घरघर, पंख्याची गुणगुण काढून टाकायची आणि मागे माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा. मुरलीकृष्ण तंजावूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या शेषाद्री नावाच्या मित्रानं ते हौसेनं लिहिलं आणि 'कुणीही घ्या, वापरा, सुधारा' म्हणून जगाला देऊन टाकलं. देऊन टाकलं, पण मुलगी दिल्यासारखं. लक्ष सगळं तिकडेच.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, निवळवर प्रश्न विचारायला नियम सतराच होते. 'विचारण्यापूर्वी' या मथळ्याच्या पानावर ते क्रमवार दिले होते. चौथा नियम: मान्य भाषांपैकीच एकीत लिहावे. नववा: घरगुती पार्श्वभूमी सांगू नये. सतरावा: बंद झालेला प्रश्न पुन्हा उघडायचा तर दोन मेंटेनरांची संमती हवी. मेंटेनर म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणारा. हा नियम केला तेव्हा सांभाळणारे दोघं होते. पुढे शेषाद्री 'मला नातवंडं सांभाळायचीत' म्हणून कोइमतूरला निघून गेला आणि मेंटेनर एकच उरला. नियम मात्र राहिला.

आता याच मुरलीकृष्णांच्या घरची रीत बघा. वेस्ट मेन स्ट्रीटवरच्या त्यांच्या दाराशी कुणीही येवो, गॅसचा सिलिंडरवाला, वाट चुकलेला प्रवासी, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले लांबचे सोयरे, त्यांची बायको भारती आधी पाणी देई, मग काप्पी, म्हणजे तिकडची कॉफी. टंबलर रिकामा होईपर्यंत 'काय काम काढलंत' हे विचारायचं नाही. विचारलं तर आलेल्याला वाटेल, काम नसतं तर यांनी आत घेतलं नसतं. तंजावूरच्या मराठी घरांतून ही रीत किती पिढ्या चालत आलीय ते कुणाला ठाऊक नाही. मुरलीकृष्णांनाही ती मान्य होती. घराचं दार वेगळं आणि फोरमचं वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

तर अशा या स्वच्छ संसारात एका सकाळी पत्र आलं. निवळ ज्या मोठ्या सॉफ्टवेअर-संग्रहातून जगभर जाई, त्याच्या चालकांनी नवा ठराव केला होता. एकाच माणसावर उभं असलेलं सॉफ्टवेअर संग्रहात राहणार नाही, कारण तो माणूस उद्या नसला तर कुणी विचारायचं कुणाला? महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या मेंटेनरचं नाव कळवा. न कळवल्यास निवळ वगळण्यात येईल. खाली 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' होतं. मुरलीकृष्णही प्रश्न बंद करताना शेवटी हेच लिहीत, पण ते इतकं बोचतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

महिनाअखेरीला सव्वीस दिवस होते. त्यांनी चौदा वर्षांची यादी काढली आणि ज्यांचे प्रश्न त्यातल्या त्यात बरे होते अशा अकरा जणांना पत्रं पाठवली. सहा परत आली. चौघांनी उत्तर दिलं नाही. अकराव्यानं दिलं: 'नियम सहानुसार माझी माहिती अपुरी होती, असं आपण २०१५ साली कळवलं होतं. ती अजून अपुरीच आहे.'

शेवटी त्यांनी शेषाद्रीला फोन लावला.

"कोण येईल रे मुरली," शेषाद्री म्हणाला. "दारात सतरा पायऱ्या बांधलास, त्यावर तेल ओतलास, आता कोणी येत नाही म्हणून रडतोस."

"शिस्त नको का?"

"हवी की. पण निवळ चाललंय झोकात, तुझ्याशिवाय. पापनाशमची एक मुलगी आहे, साईप्रिया म्हणून. तिचा मदत-गट आहे. चार हजार माणसं. तुझ्या सॉफ्टवेअरातल्या चुकासुद्धा ते आपापसांत दुरुस्त करतात. तुला ठाव नाही?"

मुरलीकृष्णांना ठाऊक नव्हतं. चार हजार माणसं त्यांचं सॉफ्टवेअर वापरत होती आणि त्यांना विचारत नव्हती. आधी त्यांना राग आला, मग राग कुणावर करावा हे समजेना, आणि मग नुसतंच वाईट वाटलं. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ते गटात शिरायला निघाले.

गटाच्या दाराशी एकच पान होतं, तेही नव्या माणसासाठी नव्हतं, मदत करणाऱ्यांसाठी होतं. वाचून खूण केल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. मथळा होता, 'असं उत्तर कधी देऊ नका'. खाली एक जुना प्रश्न आणि त्याचं उत्तर दाखवलं होतं. नावं पुसलेली.

प्रश्न तमिळ अक्षरांत होता, भाषा मात्र मराठी, तंजावूरकडची, जिथे 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतात आणि बाई असो की पुरुष, 'लावलों'च म्हणतात. मुरलीकृष्णांनी तो एका दमात वाचला. 'मामा, माझे अप्पा मस्कतला होते. पत्र लिहायचा कंटाळा म्हणून कॅसेट पाठवत. अप्पा गेले दोन महिन्यांमागे. कॅसेट लावलों तर अस्कं गुणगुण ऐकू येतं, अप्पा ऐकू येत नाहीत. ती गुणगुण कशी काढायची? मज कॉम्प्युटर फार येत नाही.'

खाली उत्तर: 'ही भाषा ओळखता आली नाही. नियम ४ व ९ पाहा. प्रश्न बंद. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

ते उत्तर कुणाचं हे मुरलीकृष्णांना सांगायला नको होतं.

आठ वर्षांपूर्वीची ती सकाळ त्यांना स्वच्छ आठवली. भाषा ओळखता आली नाही? भारती रोज वाण्याची यादी याच भाषेत, याच अक्षरांत लिहून त्यांच्या खिशात कोंबते. देवनागरी त्यांच्या घरात एका पोथीपुरती उरलेली, घरातल्या सगळ्या चिठ्ठ्याचपाट्या तमिळ अक्षरांतल्या मराठीत. साऱ्या फोरमवर, जर्मनांत, ब्राझिलियनांत, जपान्यांत, हा प्रश्न वाचू शकेल असा, शेषाद्री गेल्यावर, एकच माणूस उरला होता, आणि त्यानं तो वाचला होता. वाचला आणि त्यांना लाज वाटली. परक्या पाहुण्यांनी भरलेल्या बैठकीत घरचं माणूस घरच्या कपड्यांत येऊन उभं राहावं, तशी. म्हणून त्यांनी ओळख दाखवली नाही. नियम होताच हाताशी.

त्यांनी 'वाचले' वर खूण केली. दुसरं करणार काय?

आत शिरताच प्रश्नासाठी चौकट आली. मुरलीकृष्णांनी आपल्या सतरा नियमांबरहुकूम प्रश्न लिहिला: निवळची आवृत्ती, संग्रहाचा ठराव, कलमं, मुदत, आजवर केलेले उपाय. दोन पानं झाली. चार मिनिटांत कुण्या कवितानं उत्तर दिलं: 'मामा, चांगलं लिहिलांत, पण मज काही कळलं नाही. तुम्हाला काय पाहिजे? काप्पी झाली का?' तिच्या पाठोपाठ आणखी सहा जण आले आणि सहाही जणांनी जेवणाची चौकशी केली. नियम कुणीच दाखवला नाही. काय पाहिजे ते दोन शब्दांत लिहायला मुरलीकृष्णांचा हात धजेना.

"अहो, पापनाशम काय लंडनला आहे?" भारती म्हणाली. "बसमध्ये बसा आणि जाऊन या. ही लाडूची डबी न्या. रिकाम्या हातानं जाऊ नका."

साईप्रिया सरकारी शाळेत शिकवत असे. तिचं घर बसस्टँडपासून दहा मिनिटांवर, कालव्याच्या काठाला. दारात उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थाला तिनं कोण, कुठले, काहीच विचारलं नाही. "बसा मामा," म्हणाली. पाणी आलं. मग काप्पी आली. मुरलीकृष्णांनी तोंड उघडलं, तर म्हणाली, "आधी घ्या. निवेल."

इतकी सावकाश काप्पी त्यांनी जन्मात प्यायली नसेल. टंबलर रिकामा झाला की बोलावं लागणार होतं. अखेर तो रिकामा झाला.

"तुमच्या दाराशी जे उत्तर लावलंय," ते म्हणाले, "ते माझं."

"ठाव आहे," साईप्रिया म्हणाली. "तुमचं नाव ऐकलेलं आहे आम्ही. तंजावूरचे मराठी, आमचेच. म्हणूनच मी मराठीत लिहिलों होतों. तमिळमध्ये नीट लिहिता आलं असतं की मज."

मुरलीकृष्णांना तोंडात मारल्यासारखं झालं. भाषा येत नव्हती म्हणून नव्हे, ते आपले म्हणून तिनं मराठीत विचारलं होतं. हे आठ वर्षांत त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"मग नाव का पुसलंस?"

"तुम्ही कधी आलांत तर आत यायला लाज वाटू नये म्हणून."

ती हे सहज बोलली, लाडवाच्या डबीचं झाकण काढता काढता. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मुरलीकृष्णांना सोसल्या असत्या. हे सोसेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. सतरा नियम लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न सुचेना.

"मज मदत पाहिजे," ते शेवटी म्हणाले. आवृत्ती नाही, कलम नाही, काही नाही. मग त्यांनी पत्राची सगळी हकिगत सांगितली. "तू दुसरी मेंटेनर होशील? नाही म्हणालीस तर निवळ संपलं. चौदा वर्षं..."

"होते. पण माझा प्रश्न अजून बंद आहे मामा. तो उघडा."

मुरलीकृष्णांनी घाईनं लॅपटॉप काढला, तिचा प्रश्न हुडकला आणि 'उघडा'वर बोट ठेवलं. लाल अक्षरं आली: 'नियम १७. दुसऱ्या मेंटेनरची संमती आवश्यक.'

आधी साईप्रिया हसली. मुरलीकृष्ण जरा वेळानं हसले, पण हसले.

मग रीतसर सगळं झालं. साईप्रियाचं नाव मेंटेनर म्हणून चढलं, संग्रहाच्या चालकांना पत्र गेलं, आणि नव्या मेंटेनरनं पहिलं काम म्हणून आठ वर्षांपूर्वीच्या आपल्याच प्रश्नाला संमती दिली. प्रश्न उघडला. मुरलीकृष्ण उत्तर लिहायला बसले. तमिळ अक्षरांत, मराठीत, भारतीच्या यादीसारखं. पहिली पायरी: कॅसेट लावून आवाज कॉम्प्युटरात घ्यायचा. दुसरी: निवळ उघडायचं. तिसरी: गुणगुण काढून टाकायची. चौथी: मग आवाजाचा वेग जुळवायचा. असं अस्कं सविस्तर लिहून त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. बरं वाटत होतं. उशिरा का होईना, पण उत्तर पक्कं होतं.

साईप्रियानं शांतपणे वाचलं.

"तिसरी पायरी चुकली मामा," ती म्हणाली. "मीपण पहिल्यांदा तशीच केलों. अप्पांचा आवाज कुण्या परक्याचा वाटू लागला. सात महिने लागले मज कळायला."

"मग कसं करायचं?" मुरलीकृष्णांनी विचारलं. निवळबद्दल चौदा वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो कुणी बंद केला नाही.

"गुणगुण आधी काढायची नाही. ती विजेची गुणगुण, तिचा सूर ठरलेला. टेप कुठं हळू धावली, कुठं भरभर, ते तिच्यावरूनच कळतं. आधी ती नीट ऐकायची, तिच्याशी टेप जुळवायची. मग काढा हवी तर." ती उठली. "थांबा, अप्पांचा आवाज ऐकवते. त्याआधी आणखी एक काप्पी आणते."

मुरलीकृष्णांनी तिसरी पायरी पुसली. कालव्याच्या बाजूनं मोपेडचा आवाज आला आणि गेला. चौदा वर्षं त्यांनी फोरमवरही गुणगुण आधी काढून टाकली होती, एकूण एक, चोवीस तासांच्या आत.