समुद्रातले टाचणीचे भोक

मित्रांनो, मला उन्हासमोर धरलेत तर मी तुम्हाला चाळणीसारखा दिसेन. मी शाळेच्या भिंतीवरचा एक जुना नकाशा आहे आणि माझ्या अंगावरची भोके टाचण्यांची आहेत. जवळजवळ सगळी एकाच हिवाळ्यातली.

माझा जन्म ब्वेनोस आयरेसच्या एका छापखान्यात झाला. जाड कागद, पाठीला कापड, वरखाली लाकडी दांडी. तिथून मी दूर दक्षिणेला, पातागोनियातल्या एका बंदराच्या गावी आलो. माझ्या खोलीत आधी आरोस्तेगी सर इतिहास शिकवत आणि लगेच पुढच्या तासाला मिस पॉवेल इंग्रजी. मुले माझ्यावर बोट फिरवून राजधान्या शोधत. पाहुणे म्हणत, "काय सुरेख नकाशा आहे." मी मनातून सुखावायचो.

मग एकोणीसशे ब्याऐंशी साल आले. आमच्या सैन्याने आमच्या किनाऱ्यासमोरची, पण इंग्रजांच्या ताब्यातली मालविनास बेटे घेतली आणि ती परत घ्यायला इंग्लंडचे आरमार निघाले. गावात दिवेबंदी झाली. वर्गाच्या खिडक्यांवर काळा कागद चढला. मुली बाकाखाली लोकरीचे मफलर विणू लागल्या, सैनिकांसाठी.

सर रोज सकाळी लष्कराचे पत्रक वाचून दाखवत आणि माझ्यावर टाचण्या खोचत. निळ्या आमच्या, लाल शत्रूच्या. दुखायचे, पण मी कुरकुर केली नाही.

इंग्रजीचा तास मात्र अवघड झाला होता.

"मिस, युद्ध जिंकल्यावर तेच आपली भाषा शिकतील," मागच्या बाकावरचा गोर्दो सोसा म्हणे. "मग मी कशाला क्रियापदं घोकू?"

"नापास होऊ नयेस म्हणून," मिस म्हणत. वर्ग हसे. पण मिसचे हसू ओठांतच राही. त्यांचे आजोबा इंग्लंडशेजारच्या वेल्सहून आलेले. आडनाव ऐकून दुकानातही लोक बोलायचे थांबत. मिस पूर्वी वर्गात रेडिओवर परदेशी बातम्या ऐकवत. मुख्याध्यापिकांनी तो घरी न्यायला लावला.

खोली झाडायला दोन्या एर्मिनिया येत; दोन्या म्हणजे आमच्याकडचे 'बाई'. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचा मुलगा रामिरो सक्तीच्या भरतीत बेटांवर गेला होता आणि मुलगी देल्फिना याच वर्गात शिकत होती. सरांनीच त्यांना एक निळी टाचणी दाखवली होती. "दोन्या एर्मिनिया, तुमचा रामिरो इथं आहे. मेंढपाळांची वस्ती आहे ही." तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या मला पुसत आणि त्या टाचणीवर बोट टेकवून म्हणत, "जेव रे पोटभर." मित्रांनो, कौतुकाचे शब्द मी पुष्कळ ऐकले होते. पण त्या बोटाची मी दिवसभर वाट पाहू लागलो.

मे महिना, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा. तो महिना संपता संपता पत्रकात आले, की वस्तीशी संपर्क तुटला आहे. सरांनी ती निळी टाचणी काढली, डबीत टाकली आणि झाकण लावले.

संध्याकाळी दोन्या एर्मिनिया फडके घेऊन आल्या आणि थांबल्या. देल्फिना शाल पांघरून दारात उभी होती.

"टाचणी कुठंय गं?"

"सरांनी काढली. संपर्क तुटला म्हणतात."

"तुटला म्हणजे? मेला का जिवंत आहे? एवढी शाळा शिकतेस, ते सांग मला."

देल्फिनाने दार लावून घेतले.

"तिथल्या लोकांना इंग्रजांनी पकडलंय, आई. कैद्यांना जहाजावर नेणार आहेत. मिसच्या स्वयंपाकघरात ऐकलं मी. त्यांच्या रेडिओवर."

"त्यांची बोली ती. नीट कळलं तुला?"

"दोनदा ऐकल्या बातम्या. कळलं."

"रामिरोचं नाव घेतलं?"

"नावं नाही सांगत."

दोन्या एर्मिनिया बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "डबी आण. जहाज असेल तिथं टाचणी लाव. मी लावली तर जागा चुकेल."

"उद्या सर विचारतील, कुणाकडून कळलं. मिसला घेऊन जातील, आई."

त्या दिवसांत आमच्या देशात लष्कराची राजवट होती आणि 'घेऊन जातील' याचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक होता. नेलेली माणसे परत येत नसत.

"मला रात्र काढायचीय, पोरी."

देल्फिनाने टाचणी घेतली आणि माझ्या निळ्या पाण्यात रोवली. घाईत टाचणी तिरकी गेली, म्हणून ते भोक जरा फाटले.

सकाळी सरांनी पत्रक उघडले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

"ही समुद्रात कुणी लावली?"

"पोहत निघाला असेल, सर," गोर्दो म्हणाला. कुणीही हसले नाही. त्याने स्वतःच मान खाली घातली.

"पत्रकात असं काही नाही. मग ही बातमी आली कुठून?"

"शत्रूची भाषा येते त्यांना विचारा की," खिडकीजवळून कोणीतरी म्हणाले.

पुढच्या तासासाठी आलेल्या मिस पॉवेल दारातच उभ्या होत्या. पुस्तके त्यांनी छातीशी घट्ट धरली होती. देल्फिना बाकावरून उठू लागली.

"बस खाली," सकाळी शेगडीची राख भरायला आलेल्या दोन्या एर्मिनिया म्हणाल्या. "सर, मी लावली ती. पुसताना खाली पडलेली दिसली, दिली खोचून. मला कुठं वाचता येतं? जमीन काय न् पाणी काय."

सर माझ्याजवळ आले. टाचणी त्यांनी स्वतः डबीत टाकली होती. निळे म्हणजे पाणी, हेही त्यांनीच दोन्या एर्मिनियांना शिकवले होते. त्यांची दोन बोटे टाचणीच्या डोक्यावर येऊन थांबली. माझा सगळा कागद ताठ झाला.

"दोन्या एर्मिनिया," ते हळूच म्हणाले, "ही इथंच असावी असं वाटतं तुम्हाला?"

"देवाजवळ तेवढंच मागतेय, सर."

सरांनी बोटे काढून घेतली. पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. "बातमी पोचायला कधी कधी उशीर होतो," ते वर्गाला म्हणाले. "तोवर टाचणीला हात लावायचा नाही. मिस, या आत. आज माझा उरलेला तासही तुम्हीच घ्या."

जूनमध्ये युद्ध हरल्याची बातमी आली आणि कैद्यांना घेऊन जहाजे आली. रामिरो परतला. थंडीने त्याच्या पायाची दोन बोटे गेली होती. आईच्या दंडाला धरून तो माझ्यासमोर उभा राहिला, समुद्रातली टाचणी पाहिली आणि म्हणाला, "इथं आम्हाला गरम सूप मिळालं होतं." सगळ्यांच्याच टाचण्या अशा परत आल्या नाहीत, मित्रांनो. सरांनी काढून ठेवलेल्या कितीतरी डबीतच राहिल्या.

पुढे दोन्या एर्मिनिया त्याच खोलीत मोठ्या माणसांच्या साक्षरता वर्गात बसू लागल्या. पहिला शब्द त्यांनी माझ्यावरचाच वाचला: समुद्र. नंतर प्लास्टिकचा चकचकीत नकाशा आला आणि मी अडगळीत गेलो. दांडी निखळली, कडा उंदरांनी कुरतडल्या.

परवा एका नव्या बाईंनी मला उलगडले. "बिचारा," म्हणाल्या, आणि चिकटपट्टी आणायला गेल्या. त्या येईपर्यंत तुम्हाला एवढेच सांगतो. जुन्या नकाशांना ओलीत टाकू नका. माझ्या कडा चिकटवा, दांडी बसवा, जमिनीवरची भोकेही हवी तर बुजवा. पण त्या निळ्या पाण्यात एक जरा फाटलेले भोक आहे. तेवढे मात्र तसेच राहू द्या.