जमंल

"मॅडम, तुम्ही मराठी शिकवता. शुद्धलेखन एकदा बघून द्या," असं म्हणून अवधूत यांनी नियमांचा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी लाल पेन काढलं.

करंजाड्यातल्या या फ्लॅटमधून अवधूत ट्रेकचा ग्रुप चालवतात. दर शनिवारी पन्नासेक माणसं गडाच्या माचीवर मुक्कामाला नेतात. तंबू, गॅस, पाण्याचे जार आमच्या ठाकूरवाडीतली माणसं वाहतात. माझे बाबा, बुधा, बावीस वर्षं वाहत होते. मे महिन्यात चढाच्या मध्यावर ते खाली बसले, ते उठले नाहीत. डॉक्टरांनी उन्हाचा झटका लिहिलं. त्याला अकरा आठवडे झाले. मी कामोठ्याच्या शाळेत रोज जाते, वह्या तपासते, संध्याकाळी भात लावते. रडू आलेलं नाही. त्याची वाट बघणंही सोडलं आहे.

चौथ्या कलमात 'पूर्वी'चा पू ऱ्हस्व पडला होता. तो दीर्घ केला आणि मग वाक्य वाचलं. ओझे देण्यापूर्वी वाहणाऱ्यास 'जमेल का' असे विचारावे व त्याचा होकार मिळाल्यावरच ओझे द्यावे.

"हे काढा," मी म्हणाले.

"अहो, हे तर तुमच्याच माणसांसाठी आहे. त्या दिवशीसुद्धा मी बुधाकाकांना विचारलं होतं, शपथ. जमंल म्हणाले."

"ते नेहमीच म्हणायचे."

कुणी 'कसं काय' विचारलं की 'बरं हाय' म्हणतात, तसं ते उत्तर आहे. लग्नाच्या मांडवाचे वासे असोत, आजारी माणसाची डोली असो, वाडीत ओझ्याला कुणी नाही म्हणत नाही. हे अवधूतना कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही.

"विचारू नका, तोला. वीस किलोच्या वर द्यायचं नाही," एवढंच मी म्हणाले.

भरतकाका हसले. ते बाबांच्या जोडीने वाहायचे. खुर्ची रिकामी असूनही ते भिंतीला टेकून खाली बसले होते. "वीस? येवढी लाकडं तर आमची म्हातारी आनते, पोरी. माची हसंल आमाला."

"बघा," अवधूत म्हणाले. "त्यांनाच नको आहे. मग राहू दे ना चौथं कलम."

राहिलं असतं, तर येत्या शनिवारीही पायथ्याशी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

दाराशी वजनकाटा होता. ट्रेकला येणाऱ्यांच्या सॅक त्यावर तोलतात. आठ किलोच्या वर नको, पाठ दुखते, असा नियम दुसऱ्या पानावर होता. त्यात चूक नव्हती.

"काका, बाबांकडे त्या दिवशी काय काय होतं?"

भरतकाका उठले. सामानाच्या खोलीतून दोन तंबू आणले, छोटा सिलिंडर आणला. जार स्वयंपाकघरात नेऊन काठोकाठ भरला. सगळं दोरीने बांधलं, बाबा मारायचे तशीच गाठ मारली, आणि काट्यावर ठेवलं.

"चाळीस," अवधूत म्हणाले.

भरतकाका त्या आकड्याकडे बघत राहिले.

"माजं पन तवढंच व्हतं," ते म्हणाले. मग जारवर हात ठेवून म्हणाले, "आंब्याखाली बसलो तवा मी इचारलं त्याला, जार दे माज्याकडं. म्हनला, जमंल." जारचं पाणी अजून हलत होतं. "तोला साहेब. इचारू नका आमाला."

अवधूतनी चौथं कलम स्वतःच खोडलं. वर लिहिलं, वीस किलो. मी वाचलं. शुद्ध होतं.

"मग शनिवारी पहिलं वजन तुम्हीच करा, मॅडम," ते म्हणाले. "आणि तसंच आमच्याबरोबर माचीवर चला. वाटेत बुधाकाकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू, त्या जागेवर. जमेल ना?"

"जमेल," मी म्हणाले.

भरतकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाय जमनार तिला," ते म्हणाले. "वजनाला येईल. चढायला नाय."

मी पेनाला टोपण लावलं. काका दोरीची गाठ सोडायला खाली वाकले.