चंदाची खुडूक कोंबडी

कोंबड्यांचं काही विचारायचं तर नीलिमाबाईला, हे कुरखेड्याजवळच्या त्या गावात ठरूनच गेलं होतं. आणि बाईचं तोंड एकदा सुरू झालं की थांबतंय कशाला! "बाजारातला कोंबडा सरळ खुराड्यात कोंबू नोका, बाया हो. आधी येगळा ठेवा. लस चुकवू नोका. पाखरू मेलं तं चुना टाकून गाडा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण अहो, बाजारात एक तांबडा, तुरेबाज कोंबडा दिसला आणि बाईचीच मती फिरली. आणला आणि सरळ कोंबड्यांत सोडला. इतका देखणा, तो कशाला आजारी असेल?

तेव्हा तिच्या खुराड्यात शेजारच्या चंदाची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. आपली खुडूक होत नसली की शेजारणीची मागून आणायची आणि पिल्लं दोघींनी वाटून घ्यायची, ही तिथली रीतच. पिल्लं निघाली, आणि तांबड्याची मान वाकडी झाली. मानमोडी! खुराडंच्या खुराडं साफ करणारा रोग! गावभर बोभाटा झाला तर तोंड कुठं दाखवायचं? नीलिमानं चंदाची कोंबडी अन् वाटणीची पिल्लं टोपल्यात घातली आणि हसत हसत पोचती केली.

मग दोन्ही घरची पाखरं पटापट गेली. नीलिमानं आपली गुपचूप परसात गाडली. चंदा मात्र ढसाढसा रडली.

आणि एका सकाळी ती दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, काखेत एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी.

"बाई, रागावू नोका. तुमी सारं सांगतलं होतं, माह्याच हातून चुकलं असन काही. हे एकच वाचली. माह्या घरी काही जगत नाई. तुमच्या खुराड्यात ठेवा."

धरणीनं पोटात घ्यावं असं नीलिमाला झालं. मेलीनं शिव्या तरी घालाव्या! "जागा नाई" म्हटलं असतं तर अजूनही निभलं असतं. पण चंदा खुराड्याकडे निघालीच.

"तिकडं नोको नेऊ! मरन ते!" नीलिमा ओरडली. "माह्याच घरून आली मानमोडी. मले ठाऊक होतं व, तरी तुही कोंबडी वापस केली."

चंदा रिकाम्या खुराड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग हिले जगवू कशी, तेवढं तं सांगा."

नीलिमा खाली बघत पुटपुटली, "पहिले तं माह्या घरापासून दूर ठेव."