लाल तार

"वजा बारा!" भिमाजी ओरडले. "लता, हे बघ. गॅस पेटलाय अन् आकडा खाली चाललाय!"

लताबाई पदराने धूर वारत आल्या. शेगडीवर स्टीलचा ड्रम गरागरा फिरत होता आणि आतल्या कॉफीच्या बिया कोळसा व्हायच्या बेतात होत्या. "वजा बारा म्हणजे बर्फाच्याही खाली ना? मग कॉफी राहू द्या, कुल्फीच करू."

एरवी भिमाजी हसले असते. पंचवटीतल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्यांच्या हातचं. काम सुटलं तरी हात शिवशिवायचे, म्हणून त्यांनी हे भाजायचं यंत्र घरीच जुळवलं. कच्च्या बिया मुलगी उज्वला बंगळूरहून पाठवायची. पण जुना थर्मामीटर ड्रममधल्या हवेचं तापमान सांगायचा, बियांचं नाही. हवा पटकन तापते, बी सावकाश. त्यामुळे दर खेपेला बी वरून काळी आणि आतून कच्ची. म्हणून त्यांनी मेन रोडवरून तापमान मोजायची दोन तारांची नवी सळई आणली, तारा आकडे दाखवणाऱ्या मीटरला जोडल्या आणि तिचं टोक थेट बियांच्या राशीत खुपसलं. तर हा तमाशा.

गेल्या महिन्यात भाजी आणायला गेलेले भिमाजी स्वतःचीच गल्ली विसरले होते. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. तेव्हा उज्वलाने फोनवर बजावलं, "आप्पा, आता एक जरी घोटाळा झाला ना, तर ते यंत्र भंगारात!" आणि आता घोटाळा झालाच होता. मीटर बिघडलंय की आपलं डोकं, हेच त्यांना कळेना. ते मनातून पार घाबरले होते.

"जोडणी बरोबर हाय," ते पुटपुटले. "लाल तार प्लसला. जन्मभर तेच करतोय मी."

"दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला असेल."

"नाय गं. माझंच काहीतरी..."

त्यांनी गॅस बंद करून सळई बाहेर ओढली. कुणाला चटका बसायला नको म्हणून लताबाईंनी ती पाण्याच्या तांब्यात बुडवली. तसा आकडा भराभर वर चढायला लागला.

"अगंबाई! तापवलं की उतरतं, गार केलं की चढतं. उल्ट्या खोपडीचं दिसतंय हे."

"उल्टं?" भिमाजींनी केरातून सळईचं पाकीट शोधून काढलं. त्यावर चित्र छापलेलं होतं आणि लाल तारेपुढे चक्क वजाची खूण होती.

त्यांनी तारांची अदलाबदल केली, नव्या बिया टाकल्या. आता आकडा शहाण्यासारखा चढत गेला. बिया तडतडल्या, आतबाहेर एकसारख्या तपकिरी झाल्या. घरभर वास सुटला. भिमाजींचे डोळे भरून आले.

"डोकं शाबूत हाय, लता. नुसती तार चुकली. कुणाचीही चुकली असती!"

"मग! मी काय वेगळं म्हणत होते?"

"थांब, उज्वलाला सांगतो. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी फोन उचलला. शून्य दाबलं, आठ दाबलं, पुन्हा शून्य दाबलं. मग बोट तिथेच हवेत थांबलं. दर रविवारी हा नंबर तेच लावायचे. लताबाईंकडे न बघता ते म्हणाले, "तू... तूच बोल आधी. तुला नीट सांगता येतं."

लताबाईंनी रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला नाही. त्यांनी तो खाली ठेवून पुन्हा उचलून त्यांच्याच हातात दिला, भिमाजींचं बोट हातात धरलं आणि त्याच बोटाने एकेक आकडा पहिल्यापासून दाबला. पलीकडे घंटी वाजायला लागली.