मधल्या खुर्चीतलं गाणं

मित्रांनो, खरं सांगू? हे मी सांगणारच नव्हतो. सुरुवात केली आणि गप्प बसलो, असं बऱ्याचदा झालं. एक तर घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये. आणि दुसरं म्हणजे मला स्वतःचं काही बोलायची सवयच नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच आवाज बोललो. पण आता सांगून टाकतो. नंतर राहून जायला नको.

मी एक जुना कर्णा आहे. खाली जाड लाकडाची पेटी, उंचीला कपाटाएवढी. वर पत्र्याचं मोठं पसरट तोंड. तोंडामागे निमुळता गळा, आणि त्या गळ्याशी एक पातळ पडदा. तो पडदा म्हणजे माझा जीव. तो पुढे-मागे हलला की आवाज होतो.

आता एक गोष्ट नीट ऐकून ठेवा, पुढे लागणार आहे. हल्लीच्या स्पीकरच्या पाठीत कायमचा लोहचुंबक असतो. माझ्या नाही. माझ्या पाठीत तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं आहे. त्यात वेगळी वीज सोडली की तेवढ्यापुरता मी चुंबक होतो. वीज काढली की नुसता पत्रा. म्हणजे मला दोनदा जोडावं लागतं, एकदा विजेला आणि एकदा गाण्याला. त्या विजेच्या तारा उलट्या लागल्या तरी मी बंद पडत नाही. झकास वाजतो. फक्त पडदा जिथे पुढे जायचा तिथे मागे जातो. मी एकटा असेन तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

पण मी एकटा नव्हतो. माझा एक जोडीदार आहे. आम्ही एकाच कारखान्यात, एकाच लाकडातून झालो. आम्हाला एका सिनेमागृहात नेलं आणि तिथल्या मोठ्या पांढऱ्या पडद्यामागे उभं केलं, एकाला डावीकडे, एकाला उजवीकडे. लोक पडद्यावरचे चेहरे बघून रडायचे, हसायचे. आम्ही मागे अंधारात. कुणी आम्हाला पाहिलं नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. आमचा आवाज त्या चेहऱ्यांच्या तोंडून आल्यासारखा वाटायचा, यातच आमचं कौतुक होतं.

आमची देखभाल करणारा ऑपरेटर फार काटेकोर माणूस. आमच्या विजेच्या तारांमधली एक लाल, एक काळी. लाल तारेला त्याने गाठ मारून ठेवली होती, माझ्याही आणि जोडीदाराच्याही. म्हणायचा, रंग काय, उडून जाईल. गाठ हाताला लागते.

सिनेमागृह बंद पडलं तेव्हा तो आम्हाला हातगाडीवर घालून घरी घेऊन आला. बायकोने दारातच विचारलं, "आता आपण कुठे झोपायचं?" तो म्हणाला, "यांच्या मधे." आणि खरंच, आमच्या मधोमध समोर त्याने एक लाकडी खुर्ची मांडली. तिला त्यात बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा, रेकॉर्ड लावायचा आणि विचारायचा, "गाणारी बाई कुठे उभी आहे?"

ती बोट दाखवायची. आमच्या दोघांच्या बरोबर मधे, जिथे काहीच नाही, तिथे. दोन कर्णे एका पावलाने चालले तर आवाज मधल्या रिकाम्या जागेत उभा राहतो. बोट जरा डावीकडे गेलं की तो मला हातभर सरकवायचा. पुन्हा विचारायचा. बोट मधोमध आलं की मगच चहा. त्यांचे दोन मुलगे तिला हसायचे. "आई, कोण आहे तिथे?"

मग ऑपरेटर गेला. मुलगे मोठे झाले होते. थोरला शिंपी, धाकटा लिफ्टची दुरुस्ती करणारा. दोघांचं कशावरून बिनसलं ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनाही येणार नाही. सामानाची वाटणी झाली तेव्हा मी थोरल्याकडे गेलो, जोडीदार धाकट्याकडे. आई एवढंच म्हणाली, "जोडी आहे रे ती." कुणी ऐकलं नाही. मग तिचीही वाटणी झाली. थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे.

थोरल्याच्या दुकानात मी कोपऱ्यात उभा राहिलो. माझ्या काठावर मापाची टेप लटकायची. तोंडात चिंध्या कोंबलेल्या. गिऱ्हाईकं विचारायची, "हे काय आहे?" तो म्हणायचा, "आमच्या बाबांचं आहे." पण ते कशासाठी आहे, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. वर्षं गेली. मित्रांनो, तोंडात चिंध्या असल्या तरी चालतं. कुणी वाजवायचंच विसरून गेलं, हे चालत नाही.

एके दिवशी आई कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, आणि डॉक्टर म्हणाले, हे असंच कमी होत जाणार. तिने दोन्ही मुलांना निरोप पाठवला. "कान आहेत तोवर मला दोघं एकत्र ऐकायचेत." तिला कर्णे म्हणायचे होते की मुलगे, ते कुणी विचारलं नाही.

ठरलं की धाकटा जोडीदाराला घेऊन थोरल्याच्या घरी येणार. थोरल्याने मला चिंध्यांतून बाहेर काढलं. पुसलं. घरी नेलं. माझ्या तारांवरचं जुनं कापड कुजलं होतं, हात लावला की भुगा पडायचा. आतलं रबर मात्र धड होतं. तर या माणसाने काय करावं? हातातली कामं बाजूला ठेवली आणि दुकानातल्या चांगल्या कापडाच्या दोन बारीक नळ्या शिवल्या, तारांवर चढवायला. एक लाल, एक काळी. टाके असे की भिंग लावून शोधावेत. भावाला बोलून काही सांगणं त्याला जमलं नसतं, म्हणून त्याने ते शिवून ठेवलं.

पण माझ्या दोन्ही तारा मातकट झालेल्या. लाल कुठली? एक गुळगुळीत होती, एकीला गाठीचा उंचवटा. त्याने शिंप्याच्या नजरेने बघितलं. लाल कापडात गाठ फुगून दिसली असती. काळ्यात दिसत नाही. गाठीची तार काळ्या नळीत गेली.

मला ओरडावंसं वाटलं. पण मला ओरडायलासुद्धा आधी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लागतो.

धाकटा आला. जोडीदाराला आत आणताना दोघा भावांनी दोन बाजूंनी धरलं होतं, म्हणून एकमेकांकडे न बघता चाललं. जोडीदारही म्हातारा झाला होता. पण पुसलेला, तेलपाणी केलेला. विजेसाठी धाकट्याने दोन डबे स्वतः बनवले होते, एकेकाला एकेक. गाण्यासाठी एक छोटा ॲम्प्लिफायर, काचेच्या दिव्यांचा.

थोरला बघून म्हणाला, "एवढासा? हा काय वाजवणार यांना? माझ्या ओळखीचा एक आहे, मैदानातल्या सभांना लावतो. त्याचा मोठा आणू का?"

"आण आणि घरादाराचे कान फोड. दादा, यांच्याशी कुजबुजलं तरी हे ओरडून सांगतात. जास्त ताकद दिली की पडदाच जळतो."

"म्हणजे तुझ्यासारखेच. जरा कुणी बोललं की पेटले."

"आणि तू? तू तर न बोलताच पेटतोस."

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "चहा ठेवू, की आधी भांडून घेताय?"

दोघेही कामाला लागले. धाकट्याने माझ्या तारा हातात घेतल्या आणि थांबला.

"हे तू शिवलंस?"

"नाही, आपोआप झालं."

धाकट्याने नळीवरून बोट फिरवलं. लिफ्टच्या कामात तो प्रत्येक तार तपासून मगच जोडतो. इथे नाही तपासली. एवढ्या मायेने शिवलेल्यावर शंका घ्यायची, तेही आजच, हे त्याला नको वाटलं असावं. लालला लाल, काळीला काळी. जोडून टाकलं. जोडीदाराच्या तारांवर मूळचा लाल रंग अजून दिसत होता, त्या बरोबर लागल्या.

डब्यांतून वीज आली. पाठीतलं वेटोळं हळूहळू गरम झालं. किती वर्षांनी. मी पत्र्याचा पुन्हा कर्णा झालो.

आई खुर्चीत बसली. मधोमध. तिने डोळे मिटले. धाकट्याने आईची जुनी रेकॉर्ड लावली, आणि पहिल्याच सुराला मला कळलं. जोडीदार पुढे गेला आणि मी मागे. तो जी हवा ढकलत होता ती मी ओढून घेत होतो.

थोरला माझ्या शेजारी उभा होता, धाकटा त्याच्या कर्ण्याशेजारी.

"कडक वाजतोय माझा," थोरला म्हणाला.

"माझाही."

दोघंही खोटं बोलत नव्हते. जवळ उभं राहिलं की आम्ही दोघंही छानच वाजत होतो. मधे बसलेली फक्त आई होती. तिचं बोट उठलं. जरा डावीकडे गेलं. उजवीकडे गेलं. मग हात परत मांडीवर.

"बाई कुठेच उभी नाही रे," ती म्हणाली. "आवाज येतोय, पण पोकळ. शेजारच्या घरातून आल्यासारखा."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला खाली वाकून हळूच म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणाले, आठवतं ना?"

"थांब, वाढवतो," धाकटा म्हणाला. त्याने वाढवलं. आवाज वाढला, पण बाई आली नाही. जेवढं जास्त मी ओढत होतो, तेवढंच जास्त जोडीदार ढकलत होता.

आईने डोळे उघडले. मग म्हणाली, "बरं. गेले म्हणायचे कान. तुमचा काही दोष नाही. चांगलं लावलंय तुम्ही." आणि उठून आत गेली.

मित्रांनो, माझ्या तोंडातून कितीतरी दुःखाची गाणी गेली आहेत. ती दुसऱ्यांची होती. हे माझं होतं. तिचे कान शाबूत होते. त्या घरात तेवढे दोनच कान खरं ऐकत होते, आणि तिने तेच नापास केले. माझ्यामुळे.

रेकॉर्ड चालूच होती. बंद कुणी करायची हे भावांना सुचत नव्हतं. आईची शाल खुर्चीवर राहिली होती. वहिनी ती घ्यायला आली आणि घडी घालता घालता क्षणभर खुर्चीत टेकली. तिचा हात थांबला.

"अहो, इकडे या."

"काय झालं?"

"बसा म्हणते ना इथे."

थोरला बसला. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. उठला आणि धाकट्याला खुर्ची दाखवली. धाकटाही बसला. त्याचा चेहरा उतरला.

"आईचे कान ठीक आहेत," तो म्हणाला.

एवढं म्हणून थांबायला हवं होतं. पण थोरला म्हणाला, "तू तुझा उघडला होतास ना दुरुस्तीला? तेव्हाच काहीतरी करून ठेवलंस."

"मी? आणि तू वर्षानुवर्षं चिंध्या कोंबल्यास त्या?"

"चिंध्या काढल्या मी. शिवलंही."

"उपकार केलेस. राहू दे दादा. मी माझा परत घेऊन जातो." धाकट्याचा हात रेकॉर्डकडे गेला. गाणं थांबलं.

"गाठ कुठाय?"

आई दारात उभी होती. भांडण तिला ऐकू आलं होतं. तेवढं तर बहिऱ्यालाही आलं असतं.

"कसली गाठ, आई?"

"यांनी लाल तारेला मारलेली. पडद्यामागच्या अंधारात मी बॅटरी धरून उभी होते तेव्हा."

धाकट्याने आधी आमची वीज बंद केली, डब्यांमधली पुरती उतरेपर्यंत थांबला. मग आई जोडीदारापाशी गेली. लाल तार चिमटीत धरून बोटं ओढत नेली. गाठ लागली. मग ती माझ्याकडे आली. लाल नळीवरून बोटं सरळ घसरली. काळी घेतली. निम्म्यावर चिमूट अडकली.

"ही बघ. ही चुकीच्या घरात बसलीय."

थोरल्याने स्वतः चाचपून बघितलं. त्याचा आवाज खाली आला. "मीच घातली. लाल कापडात फुगून दिसली असती म्हणून."

आता धाकट्याची पाळी होती. त्याच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ साठलं होतं, मला माहीत आहे. पण तो म्हणाला, "मी तपासायला हवी होती. तुझ्या शिवणीवर शंका घ्यायची लाज वाटली मला." मग म्हणाला, "उसवू नकोस. डब्याकडची टोकं फिरवतो, झालं."

"नको," थोरला म्हणाला. "उद्या दुसरा कुणी जोडेल, तोही फसेल." त्याने खिशातली बारीक कात्री काढली आणि स्वतःचे ते देखणे टाके एकेक करून उसवले. गाठीची तार लाल नळीत घातली, दुसरी काळ्या नळीत, आणि धाकट्याने पुन्हा लालला लाल, काळीला काळी जोडली. गाठ फुगून दिसत होती. दिसू दिली.

पुन्हा वीज. पुन्हा तीच रेकॉर्ड. या वेळी जोडीदार पुढे गेला आणि मीही पुढे गेलो.

आईचं बोट उठलं. कुठेही न फिरता सरळ समोर गेलं आणि तिथेच थांबलं.

"ही बघा, उभी आहे," ती म्हणाली.

आपापल्या कर्ण्यापाशी उभं राहून ते दिसत नाही. दोघं भाऊ येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, खांद्याला खांदा लागला तरी सरकले नाहीत.

जोडीदार परत गेला नाही. सुट्टी असली की धाकटाच इकडे येतो. खुर्ची तिथेच आहे. पण डॉक्टर खरं बोलले होते. आईचं ऐकणं कमी होत चाललंय, आणि आता तिच्या बोटाला उठायला जरा वेळ लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी जोडी असेल तर ती वाटून घेऊ नका. आणि कुणी मधे बसलेलं माणूस म्हणालं की काहीतरी पोकळ वाटतंय, तर आधी उठून त्याच्या खुर्चीत बसून बघा. मग त्याच्या कानांबद्दल बोला.

बाकी माझं म्हणणं फक्त जोडीदाराशी आहे. परवा वीज उतरत होती, दोघंही अजून गरम होतो, तेव्हा मी त्याला शब्द दिला. एक दिवस ती खुर्चीत बसेल आणि तिला काहीच ऐकू येणार नाही. तरी ती बोट उचलेल, सवयीने. त्या दिवशीही, गड्या, तू पुढे गेलास की मी पुढे येईन. तिचं बोट जिथे जाईल, तिथे बाई उभी असेल.