टेपवरचं ‘येतो’

संग्रहालयात तीनच खोल्या. पहिलीत गंजलेले नांगर, दुसरीत दिवे आणि होकायंत्रं, तिसरीत मोठी जहाजं ओढणाऱ्या एका जुन्या टगबोटीची केबिन उचलून आणून ठेवलेली. केबिनमध्ये वायरलेसचा सेट आणि एक लाल बटण. ते दाबलं की बंदरातलं जुनं बोलणं ऐकू येतं: खरखर, इंजिन, कुणीतरी भरतीची वेळ विचारतं, आणि शेवटी एका तरुणाचा आवाज, “येतो.”

निदान आईचं तसं म्हणणं होतं. मुलीला शेवटी कधीच खरखरीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

आईचा मुलगा अशाच एका टगबोटीवर होता. नऊ वर्षांपूर्वी वादळात बोट बुडाली. बाकीचे सापडले, तो नाही. तेव्हापासून आई दर आठवड्याला इथे येऊन बसायची. बाहेरच्या भिंतीवर समुद्रात गेलेल्यांच्या नावांची पाटी होती, तिच्यावर त्याचं नाव नव्हतं. आईने लिहू दिलं नव्हतं. आज पाटी नव्याने रंगवायची होती, आणि आज होकार घ्यायचाच, असं ठरवून मुलगी सोबत आली होती.

“आई, पेंटर खोळंबलाय.”

“खोळंबू दे. रोजावर आहे तो.”

“किती वर्षं झाली गं. दादाचं नाव कुठेतरी असू दे की.”

“येतो म्हणून गेलेल्याचं नाव त्या पाटीवर लावतात होय? जातो असं कधी तोंडातून निघालं नाही त्याच्या. कोपऱ्यावर साबण आणायला निघाला तरी येतो.”

तिकीट देणाऱ्या बाई दारातून म्हणाल्या, “आजी, बटणाचा रंग उडवलात तुम्ही. पुढच्या खेपेला रंगाची डबी घेऊन या.”

“आधी तुमचा पंखा सुरू करा,” आई म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

खरखर. इंजिन. भरतीची वेळ. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तेवढ्यात अगदी मानेजवळ दादा म्हणाला, “येतो.” एक पाय चपलेत सरकवत म्हणायचा, तसाच. घाईत.

ती गर्रकन वळली. मागे कुणी नव्हतं. सेटच्या जाळीतून खरखर चालू होती. आई कान देऊन बसली होती. टेप थांबली तरी ती तशीच बसून राहिली. मग तिने चष्मा काढून पुसला.

“ऐकलंस?” मुलीने विचारलं.

“ऐकलं. जातो म्हणाला आज.”

“आई, अगं...”

“स्पष्ट म्हणाला. सांग त्या पेंटरला, लिही म्हणावं.”

उठताना आईने सेटवरून एकदा हात फिरवला. खोलीबाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं नाही. बाहेर बाकावर बसून तिने मोकळा श्वास घेतला. इतकी हलकी झालेली आई मुलीने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

पेंटर शिडीवर चढला. “काना-मात्रा नीट सांगा हं ताई. तेलरंग आहे, मग खोडता येत नाही. पहिलं अक्षर?”

मुलीने तोंड उघडलं. अक्षर जिभेवर होतं.

“जरा थांबा,” ती म्हणाली, आणि तिसऱ्या खोलीकडे परत निघाली.