चौदा तारखेची नोंद

अपंगत्वाच्या भत्त्याचा दावा मी वहीच्या जोरावर जिंकले होते. सांधे किती दुखतात ते दिवसातून तीनदा, शून्य ते दहा अशा आकड्यांत, तीन वर्षं लिहिलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढल्यावर दुसरं काय सुचणार? वहिनी म्हणते, "आमच्या वन्संच्या वहीत नोंद झाल्याशिवाय घरात मुंगीसुद्धा मरत नाही."

आज कोर्टात प्रश्न माझ्या वकीलबाईंच्या फीचा होता. भत्ता नाकारणारं सरकारी खातं हरलं, तर फी खात्याने द्यायची. पण न्यायाधीशांनी ती नामंजूर केली, तर माझ्या थकलेल्या भत्त्यातून जाणार होती. त्याच पैशांवर तळमजल्यावरची खोली घ्यायची होती. चौथ्या मजल्यावरून भाऊ मला उचलून उतरवतो, आणि त्याची कंबर आता कुरकुरायला लागली आहे.

सरकारी वकिलांनी वकीलबाईंचा तासांचा तक्ता हातात घेतला. "चौदा तारीख. अशिलाशी चर्चा, दोन तास." मग माझी वही उघडली. "त्याच दिवशी अशील लिहितात, 'दोन ते पाच झोप. कोणी आलं नाही.'" ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमची वही कधी चुकते का हो?"

वकीलबाई खाली बघत होत्या. इकडे आड, तिकडे विहीर. वही चुकली म्हणावं, तर भत्ताच धोक्यात. बरोबर म्हणावं, तर माझ्यासाठी चार वर्षं खेटे घालणारी बाई खोटी, आणि तिचा सगळा तक्ताही.

"वही द्याल जरा?" मी म्हणाले.

बोटं वळत नव्हती. पान उलटायला वेळ लागला.

"चुकते," मी म्हणाले. मागच्या बाकावरची वहिनी पुढे सरकली. "जेवढं पाहिलं तेवढंच लिहायचं, हा माझा नियम. झोपलेल्या माणसाला कोण आलं, कोण नाही, काय कळणार? ती ओळ मी लिहायला नको होती. दुखण्याचे आकडे जागेपणीचे आहेत. आणि ही खालची ओळ. 'साडेपाच. औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेल्या. मी लावल्या नाहीत. बहुधा वहिनी.'"

"मी?" वहिनी मागूनच बोलली. "मला माझा चष्मा सापडत नाही, चिठ्ठ्या कुठल्या लावते! मी दुकानात होते. किल्ली वकीलबाईंना दिली होती. सांगायचं राहून गेलं."

वकीलबाई उभ्या राहिल्या. "चर्चा झाली नाही, साहेब. त्या झोपल्या होत्या. मी दाव्याला जोडायच्या चिठ्ठ्या लावत बसले. 'चर्चा' लिहिलं, ती माझी चूक."

न्यायाधीशांनी वही मागून घेतली. चिठ्ठ्यांची ओळ वाचली, मागची दोन पानं वाचली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"चौदा तारखेचा एक तास कमी करतो. बाकीची फी खात्याने भरावी."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी वकीलबाईंना म्हणाले, "मला उठवायचं नाही का?"

"वहीत सकाळच्या रकान्यात दुखण्याचा आकडा नऊ दिसला. कशी उठवणार?"

भाऊ खोलीवाल्याला फोन लावत होता. वही अजून आतच होती. परत मिळाली, की 'कोणी आलं नाही' ही ओळ एका रेघेने खोडून बाजूला सही आणि तारीख घालायची आहे.